राजाची दुसरी उडी

खोट माझ्या प्रोग्रॅममध्येच आहे असं मी आठ दिवस धरून बसलो होतो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! पण आबांच्या हातून बुद्धिबळात चूक होईल हे डोक्यात येणार तरी कसं?

आबा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगमन होते. पळसदरीच्या फाटकावरच्या धाऊकाकांबरोबर वीस वर्षं रोज संध्याकाळी डाव टाकायचे. चौऱ्याऐंशी साली धाऊकाका गेले आणि आबांनी पट फळीवर ठेवून दिला. बोलणंही जवळजवळ बंदच. माझ्याशी खेळायचे नाहीत. "तू घाई करतोस," एवढंच.

मी रसायनीला एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचो. तिथल्या साहेबाने दुबईहून आणलेला छोटा कॉम्प्युटर मला वापरायला दिला. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. दीड वर्ष खपून मी त्याला बुद्धिबळ शिकवलं. आमचं, देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. आणि राजाला शह बसला नसेल तर साऱ्या डावात एकदाच, घोड्यासारखी अडीच घरांची उडी. साहेब हसला, "हे कुठले रे नियम?" म्हटलं, आमच्या आबांचे. तुम्हाला नको तर खेळू नका.

बाबासाहेबांच्या फोटोखाली टीव्ही, समोर लाकडी पट. आबा पटावर चाल करायचे, मी ती टाइप करायचो, मशीनची चालही मीच पटावर करायचो. एकेका चालीला पाच-सहा मिनिटं लागायची. आबा खूश! "हा विचार करतो रं पदू. तुझ्यासारखा नाय." नियम मोडला की पडद्यावर 'चूक' उमटायचं. ती दोन अक्षरं मी ठिपका ठिपका जुळवून काढली होती, फार अभिमान होता मला त्यांचा.

एका रविवारी आबांच्या राजाने त्याच डावात दुसऱ्यांदा उडी मारली. पडद्यावर 'चूक'.

"याचं डोकं फिरलं," आबा म्हणाले. मलाही तेच वाटलं. लहानपणी मी घोडा वाकडा टाकला तर बोटांवर फटका देणारा माणूस हा! आठ दिवस ओळ न् ओळ तपासली. खोट सापडेना. पुढच्या रविवारी आबांनी हत्ती तिरपा चालवला आणि मी टाइप करायची वाट बघत शांत बसले. मी टीव्ही बंद केला.

कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना विसरायला होतंय, वाढत जाईल, औषध नाही. नाही म्हणजे? मी चिडून विचारलं. तर म्हणे, नाही म्हणजे नाही.

त्यानंतर 'चूक' उमटलं की आबांचा चेहरा पडायचा. एकदा डोळ्यांत पाणी आलं. "मी नीटच खेळतो रं." मला ते बघवेना. शेवटी मी नियम काढायला बसलो. राजाची उडी, हवी तितक्यांदा. हत्ती, हवा तसा. मग उंट, घोडा, प्यादी. जे बसवायला दीड वर्ष गेलं ते दोन दुपारींत उपटून टाकलं. रडू येत होतं आणि रागही, कुणावर ते कळत नव्हतं. 'चूक' ही अक्षरंही पुसली. आता आबा काहीही करोत, मशीन मुकाट मान्य करणार.

रविवारी डाव मांडला. आबांनी स्वतःच्याच प्याद्याने स्वतःचाच वजीर मारला. मी टाइप केलं. मशीनने आपली चाल केली. आबांनी पट न्याहाळला. मग उठले आणि टीव्हीवर हात ठेवला, ताप बघतात तसा.

"पदू, हा कायपण चालवून घेतो रं. काय बोलतच नाय."

"हो, आबा."

"इसरत चाललाय वाटतं." त्यांचा आवाज अगदी हळवा झाला. "दुरुस्त कर की त्याला. तुला येतं ना?"

मी म्हटलं, "येतं."