दिलेल्या पत्त्यावर

"काका, तुम्ही या पत्त्यावर राहतच नाही," बँकेतली मुलगी समोरच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"मी? अहो, माझी मुलगी लहानाची मोठी झाली त्या घरात."

"आमचा माणूस पडताळणीला आला होता. बराच वेळ दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. तुमचा फोन बंद. शेजारी विचारलं, तर या नावाचं इथे कोणी नाही म्हणाले. म्हणून कार्डाचा अर्ज नामंजूर झालाय."

"मग परत पाठवा ना त्यांना. मी रजा टाकून घरी थांबतो."

"तसं नाही होत, काका. आता सहा महिने अर्जच करता येणार नाही."

"बाई, हा मी तुमच्यासमोर उभा आहे. पगार तुमच्याच बँकेत येतो माझा."

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. "मला पटतंय हो काका. पण मला पटून काय होणार?"

तो बाहेर आला. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. सगळे त्याला लिफ्टवालेच म्हणत. स्वतः मात्र चौथ्या मजल्यावर राहायचा, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यावरून लोक चेष्टा करायचे, तोही हसायचा. लिफ्टच्या बोगद्यात उतरलं की फोनला रेंज नसते. तेव्हा फोन का लागला नाही, हे त्याला लगेच उमगलं. दार का उघडलं नाही, हे जिना चढताना उमगलं आणि तो कठड्याला धरून तिथेच थांबला.

बायकोला ऐकू येत नव्हतं.

कार्ड हवं होतं ते त्यासाठीच. कानाच्या मशीनची किंमत ऐकून तो दुकानातून निघायलाच उठला होता. दुकानदार म्हणाला, हप्त्याने देतो, पण हप्ते फक्त क्रेडिट कार्डावर. मग दुकानदारानेच नमुन्याचं मशीन तिच्या कानाला लावून दिलं होतं. ती आधी दचकली. पिशवी चुरगाळून बघितली, खुर्ची सरकवून बघितली. त्याने विचारलं, "येतंय का गं ऐकू?" तर त्याच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "अहो, तुमचा आवाज म्हातारा झालाय की!" दोघं पोट धरून हसली. निघताना ते मशीन काढून परत डबीत ठेवलं गेलं. डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर करू नका. शब्द ओळखायची सवय एकदा मोडली की पुढे मशीन लावूनही नुसता गलका ऐकू येतो.

तिसऱ्या मजल्यावर खालची शेजारीण कपडे वाळत घालत होती.

"वहिनी, मध्ये कोणी माझी चौकशी करायला आलं होतं का?"

"तुमची? नाही बुवा. एक पोरगा आला होता, भलतंच नाव घेऊन." तिने ते नाव आठवून आठवून सांगितलं. "म्हटलं, असा कोणी नाही राहत इथे. का हो?"

"माझं नाव आहे ते."

शेजारणीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "अगं बाई! पण लिफ्टवाले म्हणाला असता, तर हाताला धरून वर आणलं असतं हो मी त्याला!"

"तुमची काय चूक?" तो म्हणाला. "फक्त हिला काही बोलू नका."

घरी त्याने बायकोला हातवारे करून सांगितलं. पिकल्या केसांना हात लावला, मग पंजा हलवला. या वयात देत नाहीत.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमची कटकट ऐकण्यातून सुटले."

पण शेजारणीला राहवलं नाही. रविवारी ती वर आली आणि माफी मागायला म्हणून तिने सगळं बायकोच्या कानाशी ओरडून सांगितलं. पोरगा आला होता, खूप वेळ दार ठोकत होता. नवरा मोरीतून तोंड पुसत बाहेर आला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेजारीण खाली मान घालून निघून गेली.

"मी घरातच होते," बायको म्हणाली. "डाळ निवडत होते. माझ्यामुळे गेलं का हो?"

"नाही गं, माझाच फोन लागला नाही."

"काय?"

"तुझ्यामुळे नाही!"

"काय म्हणालात?"

खोटं बोलायचं तर हलक्या आवाजात बोलावं लागतं. असं ओरडून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ते त्याला बोलता येईना. त्याने नुसती मान हलवली. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. काही वेळाने उठून तिने गॅस पेटवला. तेवढ्यात मुलीचा फोन आला, तो त्याने घेतला. "आईला दे ना," पलीकडून मुलगी म्हणाली. "झोपलीय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत, जिन्याकडे तोंड करून ती खुर्ची टाकून बसली होती. तिसऱ्या दिवशीही तसंच. डाळ, शिवण, पेपर, सगळं आता खुर्चीजवळ आलं होतं. वारा येई, धूळ येई. ती उठत नसे. जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे ती थोडी पुढे वाकून बघायची.

आठवड्याने तो तिच्यासमोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आता कोणी येणार नाही. दार लाव."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट लक्ष देऊन पाहिलं.

"कोण आलंय?" तिने विचारलं, आणि पदर सारखा करत घाईघाईने उठली.

तो मध्ये उभा होता. तिला जिना दिसावा म्हणून तो बाजूला झाला.