अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरची जागा

मित्रांनो, मी एक जुना अडॅप्टर आहे आणि आधीच कबूल करतो, मी भारी मत्सरी आहे. भिंतीच्या सॉकेटात बसणारा, मुठीएवढा काळा ठोकळा म्हणजे मी. भिंतीतली वीज दांडगी असते. तिला मवाळ करून वायरीच्या टोकाच्या पिनेतून मी टेपचा आवाज मोठा करणाऱ्या एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचो. आम्ही दोघं एकाच खोक्यातून या घरात आलो. त्याच्या पाठीवर एकच भोक, आणि ती जागा माझी. अकरा वर्षं तिथे दुसऱ्या कुणाची पिन लागली नाही.

घरातले बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. घरी आले की चपला काढायच्या आधी ते अ‍ॅम्प्लिफायर लावायचे. आई लग्नाआधी गायच्या. त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट आहे, ती बाबा दर रविवारी लावायचे. “पुरे झालं आता, तीच ती कॅसेट!” असं आई म्हणायच्या आणि जागच्या हलायच्या मात्र नाहीत. तेव्हा सगळं श्रेय मी खुशाल स्वतःकडे घ्यायचो.

एकदा बाबांच्या हातून मी पडलो आणि माझ्या पोटाला तडा गेला. त्यांनी काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे मारले. पोटावर छापलेलं सगळं झाकलं गेलं, पण मी एक दिवसही सुट्टी घेतली नाही.

मग एक दिवस बाबांचे जुने मित्र आले. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी स्पीकरला कान लावला.

“गाणं बंद आहे, तरी ही घरघर कसली रे?”

“ती पहिल्यापासूनच आहे,” बाबा म्हणाले.

“या अडॅप्टरची आहे. थांब, तुला एक झकास पॉवर सप्लाय बनवून देतो.”

घरघर! अहो, त्या आवाजाला मी इतकी वर्षं गाण्याला दिलेली साथ समजत होतो. माझा नुसता तिळपापड झाला.

आठवड्याभराने तो पॉवर सप्लाय आला, माझंच काम करायला. पत्र्याची पेटी, आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर, पुढे निळा दिवा आणि व्होल्ट कमीजास्त करायचं बटण. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी उचलून आणलं. मला कधी कुणी दोन्ही हातांनी उचललं होतं? त्याला मऊ फडक्याने पुसलं. “किती देखणा आहे हो!” असं आईसुद्धा म्हणाल्या. देखणा म्हणे! फरसाणाचा डबा बरा दिसतो त्याच्यापेक्षा.

“जुन्यावर किती व्होल्ट लिहिलेत ते बघ आणि बटण तेवढ्यावरच ठेव,” असं बजावून सोबत आलेले मित्र आपल्या दुकानात गेले. बाबांना धीर कुठला! त्यांनी मला उलटंसुलटं केलं. सगळीकडे चिकटपट्टी.

“चोवीसवरच ठेवतो,” ते म्हणाले. “जास्त व्होल्ट, जास्त दम!”

मला उकळ्या फुटल्या. लाव, म्हटलं, होऊ दे फजिती त्या डबड्याची! आणि मग लक्षात आलं, डबड्याला काहीच होणार नाही. जळणार तो माझा अ‍ॅम्प्लिफायर. त्याला बाराच्या वर सोसत नाही, आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

“अहो, भाऊजी काय सांगून गेले?” आईंनी विचारलं. “जुन्यावरचं वाचा म्हणाले ना?”

“त्यावर पट्टी आहे गं.”

“मग काढा की! मी काय ती माहेरून आणलीय?”

बाबांनी नख लावून पट्टी ओढली. जुना गोंद तो! पट्टीबरोबर माझी अक्षरंही निघायला लागली. सोडून दिली असती तर कुणाला कळलं असतं? पण मी अंग ताठ केलं आणि दोन आकडे घट्ट धरून ठेवले.

“बारा,” बाबांनी वाचलं आणि झटकन बटण बारावर आणलं. “बारा आहेत गं! आत्ता जाळलाच असता मी त्याला.”

मग त्यांनी माझी पिन काढली आणि त्याची लावली. मी टेबलावरून सगळं पाहत होतो. काय वाटलं ते विचारू नका.

कॅसेट सुरू झाली. घरघर नव्हती. आणि पहिल्या सुराच्या आधी एक श्वास ऐकू आला. छोटासा, थरथरता.

“अगं, हा तुझा श्वास!” बाबा म्हणाले.

“हो,” आई हळूच म्हणाल्या. “फार घाबरले होते मी त्या दिवशी.”

हे त्यांनी बाबांना कधीच सांगितलं नव्हतं. बाबांनी कॅसेट मागे नेली आणि तो श्वास पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला. अकरा वर्षं तो माझ्या आवाजाखाली दबून राहिला होता, मित्रांनो.

“असू दे, अडीअडचणीला लागेल,” असं म्हणत आईंनी मला ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्या डबड्यावर मी आजही जळतो, खोटं कशाला बोलू? तुमच्याही घरी असे जुने अडॅप्टर पडले असतील. त्यांच्या वायरी हिसकून गुंडाळू नका. कोण कुणाचा ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, पोटावरचे आकडे झाकू नका. आणि रविवारी तेवढा ड्रॉवर थोडा उघडा ठेवा. तो श्वास मलाही ऐकायचा असतो.