आधी कप्पु

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी पूर्णिमा दचकली. नवरा विक्रम वारल्यापासून येळ्ळूरच्या त्या घरात भांडंसुद्धा दबकून वाजायचं. तिनं उकळतं पाणी उतरवलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि अंगणात आली.

विक्रमच्या गाडीचं बॉनेट उघडंच होतं. दिवे लागत होते, पण चावी फिरवली की नुसतं टक्. थोरले दीर भावकू सकाळीच बजावून गेले होते, "सांजच्याला मच्छे गावचं गिऱ्हाईक येतंय. उभ्या उभ्या गंजण्यापरास इकलेली बरी. चालू झाली तर ठेव बाई, मी न्हाय म्हणणार न्हाय. पर चालवणार कोण?"

चालवणार ती. विक्रमनंच तर शिकवली होती.

फोनवरच्या व्हिडिओतला मेकॅनिक कानडीत बोलत होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा बुरा साचला की असं होतं, एवढं तिला चित्रावरून कळलं. धुवायचं, पण त्याआधी वायरी सोडवायच्या. "मोदलु कप्पु," तो म्हणाला. मोदलु म्हणजे आधी. आणि कप्पु म्हणजे लाल. एवढी कानडी चंदगड माहेर असलेल्या पूर्णिमालाही येत होती.

"काय गं, ग्यारेज काढलंस व्हय?" गडग्यापलीकडून शेजारच्या जयाबाईनं मान उंचावली.

"व्हय आक्का. तुमचा मिक्सर आणा, त्यो बी खोलते."

"नको गं माय! हाय त्यो बरा हाय."

जयाबाई हसत आत गेली. अंगण पुन्हा गप्प झालं.

पूर्णिमानं लाल वायरीच्या नटाला पाना लावला. तो फिरता फिरता पत्र्याला टेकला आणि चर्रकन ठिणगी उडाली. पाना एकीकडे, पूर्णिमा दुसरीकडे.

छातीवर हात ठेवून ती उभी राहिली, आणि भलतंच आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला शहापुरातल्या दुकानात तिनं मोठ्या ऐटीत "कप्पु सीरे" मागितली होती. दुकानदारानं काळ्या साड्यांचा ढीग पुढ्यात टाकला. "अगं, लाल म्हंजे केंपु! कप्पु म्हंजे काळं!" विक्रम पोट धरून हसला होता. त्यानंतर घरात कुणी नसलं की तो तिला कप्पुच म्हणायचा. आता लेक दिपू शाळेत गेली की घरात कुणीच नसायचं, पण तशी हाक येत नसे.

म्हणजे आधी काळी, मग लाल.

त्या क्रमानं वायरी सोडवून सोड्याचं पाणी ओतताच बुरा फसफसून गळाला. तिनं जुन्या परकराच्या चिंधीनं टोकं कोरडी केली. आधी लाल वायर जोडली, शेवटी काळी.

चावी फिरवली. गाडी खाकरली, थरथरली आणि चालू झाली.

तिनं भावकूंना फोन लावला आणि तो इंजिनापाशी धरला.

"आलं ऐकू," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो."

आवाजानं झोपमोड झालेली दिपू डोळे चोळत आली आणि सवयीनं मागच्या सीटवर चढली. स्टिअरिंगवरच्या आईच्या मळक्या हातांकडे तिनं पाहिलं, मग शेजारच्या सीटकडे.

"मम्मी, तू चालवणार?"

"व्हय."

दिपूनं शेजारच्या रिकाम्या सीटकडे बोट केलं.

"मग तुझ्या जागंवर कोण बसणार गं?"