भुवयांचा प्रबंध

आमच्या कालोताईच्या पदवीला फक्त एक प्रबंध बाकी होता. स्वतंत्र संशोधनाचा. स्वतंत्र म्हणजे प्रश्न ती विचारणार, रेकॉर्डर मी धरणार आणि नाव तिचं लागणार.

विषय होता, 'तोंगा बेटांवरच्या बायका अजून चटया का विणतात?' सुरुवात आत्यापासून केली, कारण आमच्याकडे आत्याला वगळून कोणी शिंकतसुद्धा नाही. मग घरोघर फिरलो. ताईने सगळं रेकॉर्डिंग समुद्रापार फिजीतल्या सुवाला, विद्यापीठातल्या परदेशी सरांना पाठवलं. लगेच बाबांनी चर्चमध्ये जाहीर करून टाकलं, की पदवीच्या जेवणाला आमचं मोठं डुक्कर कापणार!

मग सरांचा फोन आला.

"कालोलाइने, तू विचारतेस, 'मुलींनी विणकाम शिकावं का?' पुढे कोंबडा आरवतो. 'विणताना आनंद होतो का?' पुन्हा कोंबडा. बायकांनी बहिष्कार टाकलाय का तुझ्यावर?"

"नाही सर, सगळ्या हो म्हणाल्या!"

"कधी?"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे 'हो' म्हणायला तोंड कोण उघडतंय? भुवया उडवल्या की झालं. ताईला दिसल्या, मला दिसल्या, रेकॉर्डरला बिचाऱ्याला डोळेच नव्हते. आणि ही म्हणे संशोधनाच्या पद्धती शिकून आलेली विदुषी!

"शुक्रवारपर्यंत उत्तरं आण," सर म्हणाले, "नाहीतर यंदा पदवी विसर."

पुन्हा आत्याचं घर.

"आत्या, या वेळी तोंडाने बोल ना गं."

"मी काय रेडिओ आहे? तेव्हाच सांगितलं की हो म्हणून!"

"रेकॉर्डरला ऐकू नाही गेलं."

"मग त्याचे कान तपासून घे. विचार."

"मुलींनी विणकाम शिकावं असं वाटतं तुला?"

भुवया उडाल्या. ताईने कपाळावर हात मारला. शेवटी आत्याने तोंड उघडलं, आणि इथेच घोटाळा झाला. भुवयांचं काम एका झटक्यात संपतं. तोंडाचं तसं नसतं.

"हो. म्हणजे... शिकावं. पण माझ्यासारखं जन्मभर गुडघे धरून बसू नये. तुला असं बसलेलं नाही बघवणार मला."

ताईने प्रश्नांचा कागद खाली ठेवला. कोंबडासुद्धा गप्प, चक्क!

मग प्रत्येक घरात 'हो'ला शेपूट फुटत गेलं. ताईने आधीचा निष्कर्ष सरळ फाडला आणि भुवयांचं 'हो' अन् तोंडाचं 'हो' यांवर नवं प्रकरण लिहून शुक्रवारी धाडलं.

सोमवारी फोन वाजला. आत्यासकट सगळे भोवती जमलो.

"वाचलं. शेवटचं प्रकरण तुझं स्वतःचं?"

ताईने भुवया उडवल्या. फोनवर!

"हॅलो? कालोलाइने?"

मी फोन हिसकावला. "हो म्हणतेय ती! सर, मिळणार ना पदवी?"

पलीकडे शांतता. बाबा डुकराकडे बघतायत, डुक्कर बाबांकडे.

"घाबरता काय?" आत्या म्हणाली. "इतकी वर्षं आपल्या इकडच्या बेटांवर काढलीत तुमच्या सरांनी. भुवया उडवल्या असतील."

फोनमधून ओशाळलेला आवाज आला, "सॉरी. उडवल्या होत्या."