मला डुप्लिकेट म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, डाळीच्या दाण्याएवढी. सध्या माझं डोकं तापलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात मला पारदर्शक केलं आणि केसासारखे बारीक दोन हात लावले. दिवाळे गावच्या, मासे विकणाऱ्या बायजाचा मोतीबिंदू काढला, तेव्हा तिच्या डोळ्यातल्या नाजूक पिशवीत मला बसवलं. तेव्हापासून मांदेलीच्या ढिगातला एवढासा खेकडाही तिला लांबून दिसे. "माजा डोला आता पोरीचा झाला," असं ती बाजारात सगळ्यांना सांगायची आणि मी आतल्या आत फुलून जायची.

मग ती नारळी पौर्णिमा आली. आमच्या गावात त्या दिवशी नारळावर नारळ आपटून फोडायची चुरस असते. बायजाने हौसेने आपला नारळ पुढे धरला. तिचा मुलगा केतन इरेला पेटला होता. त्याने असा काही जोर लावला, की त्याचा नारळ हातातून निसटला आणि थेट आईच्या डोळ्यावर बसला. पिशवीला धरून ठेवणारे धागे तटातट तुटले. मी पिशवीसकट कलंडले.

"काय नाय होत आये, बर्फ लाव," असं म्हणून हा पठ्ठ्या पुन्हा खेळायला गेला!

बायजाला एकाचे दोन दिसू लागले. पापलेट कापताना बोट कापलं. तरी घरात कुणी डॉक्टरचं नाव काढेना. मी रोज थोडी थोडी खाली घसरत होते आणि केतन गावभर सांगत सुटला, "लेन्स डुप्लिकेट निघाली." अरे, लाज नाही वाटत? मार तुझा आणि नाव माझं?

शेवटी वाशीच्या दवाखान्यात डॉक्टर अर्पितांनी विचारलं, "आजी, डोळ्याला काही लागलं होतं का?"

"नाय गं बाय, कुटं काय लागलं नाय."

शेजारी केतन मोबाइल चाळत बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टर कडक आवाजात म्हणाल्या, "मार लागला असेल तर मागचा पडदाही फाटलेला असू शकतो. लपवलंत तर डोळा जाईल."

"नारल लागला," बायजा हळूच म्हणाली. "माज्याच हातून."

तेव्हा कुठे केतनच्या तोंडून निघालं, "मॅडम, माझ्या हातून लागला."

पडदा शाबूत होता. डॉक्टरांनी मला फेकून दिलं नाही. डोळ्याला मोठी चीर न देता सुटलेली पिशवी काढली, सुईच्या छिद्रांतून माझे दोन्ही हात ओढले आणि डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत रोवले. एकही टाका घालावा लागला नाही. पट्टी निघाली, तेव्हा बायजाला समोर केतन दिसला. एकच, स्वच्छ.

"जेवलास का रे बाला?" तिने विचारलं.

तिने त्याला माफ केलं. मी केलेलं नाही. मित्रांनो, डोळ्याला मार लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. आईच्या डोळ्यापेक्षा स्वतःची अब्रू मोठी वाटत असेल, तर माझ्यासमोर उभेसुद्धा राहू नका. मला आता सगळं लख्ख दिसतं.