विमानाच्या पोटातला स्फटिक

मी बोलतोय, एका छोट्या विमानाच्या पोटातून. मला खिडकी नाही, पण पट्टे मात्र घट्ट आवळलेले. मी एक स्फटिक आहे. हातभर लांब, काचेसारखा आरपार, नात्यानं मिठाचा भाऊबंद.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेला रस दिवसेंदिवस हळूहळू निववत कारागिरांनी मला वाढवलं. घाई केली असती तर तडकलोच असतो! दमट हवेशी माझा उभा दावा, म्हणून लगेच अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बंद झालो.

काम सांगतो. काही दगडांतून न दिसणारे किरण निघतात. असा किरण अंगावर आला की माझ्यात ठिणगी चमकते. शेजारची नळी ती टिपते आणि तिच्या तेजावरून किरण कुठल्या घरचा ते ओळखते: पोटॅशियमचा, थोरियमचा, की युरेनियमच्या गोतावळ्यातला. हातभर खोलीच्या खालचं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करतो.

विमान चालवते आत्या. ती साऱ्या विमानतळाचीच आत्या, पण मागे माझे आकडे वाचत बसणारी तिची सख्खी भाची. जमिनीत कुठे कोणती खनिजं आहेत ते शोधायचा पोरीचा पहिलाच हंगाम. जमिनीपासून जेमतेम ऐंशी मीटरवरून आम्ही नांगरल्यासारख्या सरळ रेघा ओढत जायचो.

तिसऱ्या आठवड्यात एका बोडक्या टेकडीवर माझ्यात ठिणग्यांची नुसती झुंबड उडाली. भाची ओरडली, "आत्या, युरेनियमचा आकडा चौपट!"

ऑफिसात मोठ्या साहेबांनी आलेख पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तासाभरापूर्वी तिथे सर पडून गेली होती ना? पाऊस हवेतले किरणोत्सारी कण खाली आणतो. आकडा फुगणारच. शिवाय हा डबा म्हातारा झालाय. हंगाम संपला की मोडीत."

"पण सर, पाऊस सगळीकडे पडला. उडी तिथेच का?"

"कुठे किती पडला, मोजलंत?"

भाचीचा चेहरा उतरला. माझं तर विचारूच नका. मोडीत जायचं ऐकून कोणाला गोड वाटेल?

आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मग जमीन वाळू द्या. पुन्हा मोजू."

"जादा उड्डाण एकच मिळेल," साहेब म्हणाले. "आकडा आला नाही, तर ही उरलेला हंगाम ऑफिसात बसून नकाशे रंगवेल."

दोन दिवस भाची आकाशाकडे डोळे लावून बसली. इवलासा ढग दिसला तरी त्याला शिव्या. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि आम्ही निघालो.

आधी मला तपासायला तळ्यावरून गेलो. पाणी खालचे किरण अडवतं, म्हणून तिथे मी जवळजवळ गप्प. मग टेकडी आली. जोर लावायची माझी फार इच्छा होती, पण स्फटिकाला जोर लावता येत नाही. जे येईल तेच सांगता येतं.

पुढून आत्या ओरडली, "अगं, तोंड उघड की!"

"तोच आकडा, आत्या! त्याच जागी!"

"थांब, आता आडवं जाऊ."

आडव्या रेघेवरही तेच! परतताना आत्या इतकं बेसूर गात होती की इंजिनाचा आवाज बरा वाटावा.

साहेब स्वतः हातात मोजणी यंत्र घेऊन पायी टेकडी चढले. संध्याकाळी आले ते उन्हानं लालबुंद होऊन, एका बुटाचा तळ लोंबत होता. दगडाचा नमुना ठेवलेली शिशाची पेटी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. मोडीची यादी मागवून माझ्या नावावर काट मारली आणि भाचीला म्हणाले, "डबा म्हातारा आहे, खोटारडा नाही. आणि तू पण बरोबर होतीस."

भाची हसली आणि रडलीसुद्धा. आत्यानं तिला रुमाल दिला, तो इंजिनाच्या तेलानं माखलेला. पोरीचं नाक काळं झालं.

तिथे खाण होईल की नाही, ते खोल छिद्रं पाडल्यावर कळेल. तो इतरांचा उद्योग. माझा नवा हंगाम सुरू झालाय. कडा जरा पिवळ्या पडल्यात, पण ठिणगी अजून तरतरीत आहे.

निघतो आता, आत्यानं पंखा फिरवलाय. कधी तुमच्या घरावरून कर्कश आवाज करत अगदी जवळून गेलो, तर रागावू नका. तुमच्या अंगणातल्या मातीची ख्यालीखुशाली विचारून लगेच पुढे जाऊ.