बॅटरीची जोडी

मीटरचा आकडा नऊवर येऊन थांबला. चुडामणने दुसऱ्या बॅटरीला तारा लावून पाहिल्या. बारा व्होल्ट हवे, तिथे तर साडेसातच. त्याने मीटर पटकन खिशात टाकलं, पण तुळशीबाईने त्याचा चेहरा पाहिला होता.

"चालू व्हई का भाऊ?"

"व्हई. जराक थांब," तो म्हणाला, पण मान काही वर केली नाही.

कुडाच्या भिंतीशी तिचा नवरा दलसिंग बसला होता. पाठीमागे गोधड्यांचा ढीग, कारण आडवं होणं त्याला जमत नव्हतं. नाकातली नळी कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडलेली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र ढगाळ उजेडावर कसंबसं अडखळत चालत होतं, तेही पहाटे बंद पडलं होतं. सिलिंडर अडीअडचणीसाठी ठेवलेला. त्याचा काटा बघून चुडामणने मनाशी हिशेब केला, फार तर दुपारी दोनपर्यंत. दुसरा सिलिंडर शहाद्याहून आणायचा, तर घाटात तीन दिवसांपासून दरड पडलेली. पाड्यातले धडधाकट पुरुष तीच काढायला गेले होते. वर तोरणमाळच्या पठारावर नऊ दिवसांत ऊन पडलं नव्हतं.

दलसिंग आणि त्याचा धाकटा भाऊ करणसिंग एकाच वर्षी गुजरातेत दगड दळायच्या कारखान्यात कामाला गेले होते. दोन वर्षं पांढरी धूळ खाऊन परत आले. पस्तिशी उलटता उलटता दलसिंगची छाती धरली ती सुटलीच नाही. एका संस्थेने यंत्र दिलं. पण पाड्यात वीज कुठली? तेव्हा चुडामणला बोलावणं आलं.

चुडामण खालचा, कळसाडीचा. पंधरा वर्षं सोलरचं काम करत आलेला. तलावाकाठी रूपचंदशेठच्या पाहुण्यांसाठी सहा लाकडी खोल्या होत्या, दर खोलीचे पॅनेल वेगळे, बॅटऱ्या वेगळ्या. त्या सगळ्याची देखभाल त्याच्याकडे. गेल्या हिवाळ्यात शेठने जुन्या बॅटऱ्या काढून नव्या बसवल्या आणि जुन्यांपैकी दोन दलसिंगला देऊन टाकल्या. फोटो काढले. छपरावर एक जुनं पॅनेल चढवून जोडणी चुडामणनेच केली. बॅटऱ्यांचा जीव संपत आलाय हे त्याला हात लावताच कळलं होतं. पावसाळा काढतील का, असं तुळशीबाईने तीनदा विचारलं. शेठ शेजारीच उभा होता. तीनदाही चुडामण हो म्हणाला.

आता तो अंगणात आला. करणसिंग तिथे उकिडवा बसला होता. पहाटे चढ चढून तोच त्याला तलावाकाठून बोलवून घेऊन आला होता.

"दोन्ही मरेल शेतस," चुडामण हळूच म्हणाला. "वरथून नव्या लई येसूत. दलसिंगलेच वर लई गयात तर?"

"मांगला महिनामां नेता व्हतूत. झोळीमां आडवा टाका का श्वासच बंद. नालापाईन परत लयनूत."

दोघे चढाला लागले. पाऊण तासाने तलावाकाठी पोहोचले, तेव्हा एका खोलीच्या ओसरीतून पाहुण्याने हाक मारली, गरम पाणी कधी येणार म्हणून. "येतो साहेब," म्हणत चुडामण बंधाऱ्यावर गेला. फोनला रेंज फक्त तिथेच मिळायची.

"शेठ, रिकामी खोलीन्या दोन बॅटऱ्या मी पाड्यात लई जास. दलसिंगना श्वास अडकना शे."

"त्याले दिध्यात ना आपन?"

"त्या मरी गयात."

"दख चुडामण, पाहुणास्ना दोन फोन ई गयात सकायपाईन. उद्या आखो लोके येतीन. नवा मालले हात नको लावजो."

चुडामणने फोन ठेवला. कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून सहाव्या खोलीमागची पेटी उघडली. खोली महिनाभर बंद होती, त्यामुळे बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. एकेक पन्नास किलोच्या वर. ज्या झोळीतून पाड्यातली माणसं आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, तसलीच झोळी करणसिंगने दांड्याला बांधली आणि तीत एकच बॅटरी बसवली.

उतार चिखलाने निसरडा झाला होता. पुढे करणसिंग, मागे चुडामण. दर वीस पावलांवर करणसिंग थांबायचा, दांडा खांद्यावर तसाच ठेवून उभा राहायचा. घराशी पोहोचायला साडेअकरा वाजले. बॅटरी खाली ठेवली आणि करणसिंग तिथेच बसला. त्याच्या ओठांवर निळसर छटा आली होती. तोंड उघडं ठेवून तो हवा ओढत होता. दलसिंग ओढायचा तशीच. चुडामण बघतच राहिला.

"एक लावीसन चालाड ना," तुळशीबाई म्हणाली.

"जोडी लागस बाई. एकवर यंत्र उठत नही."

ती नवऱ्यापाशी गेली, त्याच्या कानाशी वाकून त्यांच्या पावरी बोलीत काही सांगितलं. दलसिंगने डोळे उघडून मान हलवली. मग तिने लुगड्याचा काचा आवळला आणि दाराशी येऊन दांडा उचलला.

"तू बैस त्यानाजोडे," ती करणसिंगला म्हणाली. "मी जास."

चुडामणला नको म्हणायचं होतं. पण दुसरं कोण होतं? घरं अशी लांब लांब, एकेका टेकाडावर एकेक. हाक दिली तरी ऐकू जायची नाही. ती पुढे निघाली आणि तो मागोमाग.

वर जाताना झोळी रिकामी होती. येताना मात्र दांड्याचं पुढचं टोक तिच्या खांद्यावर होतं. वेताच्या काडीसारखी बाई, पण पाऊल डगमगत नव्हतं. नाल्याला पाणी चढलं होतं. मांडीभर पाण्यात झोळी भिजू नये म्हणून दोघांनी दांडा हातांनी वर उचलून धरला. पलीकडे येऊन दम खायला थांबले, तेव्हा चुडामणच्याने राहवलं नाही.

"बाई, त्या बॅटऱ्या मी लावन्यात तव्हयच गयेल व्हत्यात. माले मालूम व्हतं. तुले खोटं सांगं मी."

तुळशीबाईने मागे वळून पाहिलं नाही. पदराने मानेवरचं पाणी पुसलं.

"माले बी मालूम व्हतं. होळीनंतर यंत्र अर्धी रात बी चालेना."

"मंग बोलनी का नही?"

"बोलती तं त्या बी काढी लई जाता तुमी."

तिने दांडा उचलला. चुडामणला वाटलं होतं, ती शिव्या देईल, निदान रडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पुढचा सगळा उतार तो तिच्या टाचा बघत चालला. एका टाचेतून रक्त येत होतं. थांबूया का, असं विचारायचीसुद्धा त्याची छाती झाली नाही.

ते अंगणात आले तेव्हा पावणेदोन झाले होते. करणसिंग दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. आत सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. दलसिंगची मान एका बाजूला कलली होती.

"आत्तेच," करणसिंग म्हणाला. दोन शब्दांच्या मध्ये तो श्वासासाठी थांबत होता. "तू कथी गई, इचारी ऱ्हायंता. मी सांगं, येस म्हनून."

तुळशीबाई आत गेली. नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, मग छातीवर. बराच वेळ हात तिथेच राहिला. चुडामण बाहेर बॅटरीशेजारी उभा होता. पाऊस बारीक पडत होता आणि पाना त्याच्या हातात तसाच होता.

"लाव भाऊ," ती आतून म्हणाली.

"बाई, आते..."

"लाव."

त्याने दोन्ही बॅटऱ्या ओळीत ठेवल्या. तारा आवळल्या. तीनदा पाना निसटला. मीटर लावून पाहिलं तर पंचवीसच्या वर होतं. बटण दाबताच यंत्र शिट्टी देऊन उठलं आणि घरघर करत हवा ओढू लागलं.

तुळशीबाईने दलसिंगच्या नाकातली नळी अलगद काढली, सिलिंडरपासून सोडवली आणि यंत्राला खोचली. नळीचं टोक पदराने दोनदा पुसलं. मग दाराशी जाऊन करणसिंगपुढे वाकली आणि त्याच्या दोन्ही कानांवरून नळी घेऊन ती त्याच्या नाकात बसवली. तो हात वर करून नको नको म्हणत होता. तिने तो हात धरून खाली ठेवला.

करणसिंगचा श्वास हळूहळू लांब होत गेला. तोवर ती तिथेच उकिडवी बसून राहिली. मग उठली, दलसिंगपाशी गेली आणि त्याच्या पायांवरून घसरलेली गोधडी तिने नीट वर ओढली.